घरात मांजर व्यायली आहे, आता काय करायचं?

आमच्या ठमीने बाळंतपणासाठी कपाटाचा खालचा खण निवडला. तिच्यासाठी आठ दिवस आधीपासून खोकं मांडून ठेवलं होतं. तिने ते दोनदा हुंगलं आणि सरळ ठेवणीतल्या साड्यांवर जाऊन बसली. मी साड्यांना हात लावला नाही. काढल्या त्या फक्त कोपऱ्यातल्या डांबराच्या गोळ्या, कारण मांजराला त्या विषारी असतात. पहाटेपर्यंत चार पिल्लं झाली: १०२, ९६, ८८ आणि ७१ ग्रॅम. त्या चौथ्या पिल्लापायी पुढचे पंधरा दिवस मी डॉक्टरांना जे जे विचारलं आणि घरात जे करून पाहिलं, ते इथे लिहिते आहे.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. पहिले तीन आठवडे पिल्लांचं सगळं त्यांची आईच करते. दूध, ऊब, अंग पुसणं, इतकंच काय, शी-शूसुद्धा. नवजात पिल्लाला स्वतःहून लघवी करता येत नाही. आई त्याचं ढुंगण चाटते तेव्हा कुठे ती होते, आणि ती लगेच सगळं साफही करून टाकते. म्हणून या दिवसांत आपण जपायचं ते बाळंतिणीला. तिचं खाणंपिणं, तिची झोप आणि तिचा निर्धास्तपणा एवढं राखलंत, तर पिल्लांना हात लावायची वेळ फारशी येत नाही.

व्यायची वेळ

मांजर साधारण ६३ ते ६५ दिवस गाभण असते. व्यायच्या आदल्या दिवशी ती खाणं कमी करते, कोपरे हुंगत फिरते, माणसाळलेली असेल तर पायात पायात येते. मग कळा सुरू होतात. पिल्लू एका पातळ पिशवीत बाहेर येतं. आई ती पिशवी दातांनी फाडते, पिल्लाला खसाखसा चाटते आणि नाळ तोडते. पिल्लामागून वार, म्हणजे नाळ जिला जोडलेली असते तो मांसल गोळा, पडते आणि बहुतेक वेळा आई ती खाऊनही टाकते. हे बघवत नसलं तरी नैसर्गिक आहे, तिला अडवू नका. मात्र पडलेल्या वारा मोजा. जितकी पिल्लं तितक्या वारा पडायला हव्यात. एखादी आत राहिली तर पुढे गर्भाशय सडू शकतं.

पिल्लू पायांकडून आलं म्हणून घाबरू नका, मांजरांत ते नेहमीचंच आहे. दोन पिल्लांमध्ये दहा मिनिटं ते तासभर जातो. कधी ती मध्येच विसावा घेते, आधीच्या पिल्लांना पाजते आणि कित्येक तासांनी पुन्हा व्यायला लागते. ती शांत असेल, कळा देत नसेल, तर थांबायला हरकत नाही. पण जोराच्या कळा अर्धा तास चालल्या आणि पिल्लू आलंच नाही, किंवा अर्धं बाहेर येऊन अडकलं, किंवा ताजं लाल रक्त थांबतच नाही, तर रात्र असो की पहाट, डॉक्टरांना फोन करायचा आणि निघायचं. अशा वेळी कुणीतरी सांगतं, 'कळांचं इंजेक्शन दे, सुटेल.' घरी ते अजिबात देऊ नका. पिल्लू आडवं अडकलेलं असताना कळा वाढवल्या तर गर्भाशय फाटू शकतं.

आपण हात घालायचा तो एकाच ठिकाणी. पिल्लू आलं आणि मिनिटभरात आईने पिशवी फाडली नाही, तर ती स्वच्छ फडक्याने नाकाकडून बाजूला करायची, नाकतोंड पुसायचं आणि पिल्लाला पंचाने चोळत राहायचं. चोळण्यानेच श्वास सुरू होतो. ते चुंई करून ओरडलं की आईच्या तोंडापाशी ठेवून मागे व्हायचं.

ऊब आधी, दूध नंतर

पिल्लांचे सगळ्यात जास्त हाल होतात ते थंडीने, आणि हे आपल्या उष्ण प्रदेशात कुणाला पटत नाही. पहिल्या आठवड्यात पिल्लाला अंगात ऊब तयार करता येत नाही, थंडी वाजली तरी त्याला हुडहुडीसुद्धा भरत नाही. आजूबाजूला जेवढी ऊब, तेवढीच त्याच्या अंगात. पहिला आठवडा त्याच्या जागेपाशी ३० ते ३२ अंश सेल्सिअस लागतं, पुढे दर आठवड्याला ते थोडं कमी केलं तरी चालतं. पावसाळ्यात रात्री पंखा लावून आपण पांघरुणात झोपतो, पण फरशीवर एका फडक्यात पडलेल्या पिल्लाच्या अंगातली ऊब ती थंडगार लादी शोषून घेते.

म्हणून खोक्याखाली पुठ्ठा किंवा वर्तमानपत्रांचा जाड थर घाला. वर मऊ सुती कापड, जुनी साडी सगळ्यात उत्तम. पिळाचा टॉवेल नको; पिल्लांची नखं आत जात नाहीत, ती धाग्यांच्या वेटोळ्यांत अडकतात. गोधडीचा सुटलेला दोराही पायाला गुंडाळला जातो. गरम पाण्याची बाटली टॉवेलमध्ये नीट गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवा, म्हणजे जास्त गरम झालं तर पिल्लांना सरकायला जागा राहते. आणि ती बाटली गार होईपर्यंत तशीच सोडू नका, कारण गार झालेली बाटली उलट पिल्लांचीच ऊब ओढते. पंख्याचा किंवा एसीचा झोत खोक्यावर येता कामा नये.

पुरेशी ऊब आहे की नाही, हे पिल्लंच सांगतात. एकमेकांवर रचून, घट्ट ढीग करून पडली असतील तर गारठली आहेत. एकेक करून लांब पांगली, तोंड उघडून ओरडायला लागली तर उकडतंय; विदर्भ-मराठवाड्यातल्या एप्रिल-मे महिन्यांत काळजी करायची ती याचीच, तिथे बाटली नको, सावलीतली हवेशीर खोली हवी. एकमेकांना टेकून, झोपेत पाय झाडत, गपगार पडली असतील तर सगळं ठीक आहे. झोपेतलं ते दचकणं-फडफडणं पाहून लोक घाबरतात, पण निरोगी नवजात पिल्लू तसंच झोपतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमचं ते ७१ ग्रॅमचं पिल्लू मला खोक्याच्या कोपऱ्यात एकटं पडलेलं दिसलं. उचललं तर अंग गार, मान लुळी. माझी पहिली इच्छा झाली दूध पाजायची. डॉक्टरांनी फोनवर बजावलं, 'आधी बोट त्याच्या तोंडात घालून बघा.' करंगळीचं टोक घातलं तर आतूनही गार लागत होतं. अशा गारठलेल्या पिल्लाची आतडी काम करत नाहीत. पाजलेलं दूध तसंच पडून राहतं किंवा छातीत उतरतं. मग मी त्याला ब्लाउजच्या आत, छातीशी धरलं, वरून शाल घेतली आणि बसून राहिले. हेअर ड्रायर नको, चुलीपाशी नेणं नको; ऊब हळूहळू यायला हवी. सव्वा तासाने त्याने डोकं हलवलं, मग नाकाने माझ्या कातडीवर ढुसण्या मारायला लागलं, दूध शोधत. तेव्हा त्याला ठमीच्या मागच्या आचळाला लावलं. मागच्या आचळांना सहसा दूध जास्त असतं. बाकीची तीन धष्टपुष्ट पिल्लं मी वीस मिनिटं दुसऱ्या उबदार टोपलीत ठेवली, म्हणजे त्याला कुणी ढकलणार नाही.

वजनकाटा

स्वयंपाकघरातला डिजिटल काटा ही या सगळ्यात सर्वांत उपयोगी वस्तू आहे. त्यावर एक वाटी ठेवायची, वाटीत रुमाल, शून्य करायचं आणि पिल्लू अलगद ठेवायचं. रोज त्याच वेळी. नवजात पिल्लू साधारण ९० ते ११० ग्रॅमचं असतं आणि दिवसाला १० ते १५ ग्रॅम वाढतं. दहा ते चौदा दिवसांत त्याचं वजन दुप्पट झालेलं असतं. पहिल्या दिवशी दोन-चार ग्रॅम उतरले तर चालतं. दुसऱ्या दिवसापासून आकडा वर जायलाच हवा. पिल्लू मलूल दिसायला लागतं त्याच्या आदल्या दिवशीच काटा सांगतो की काहीतरी बिघडलंय. चारही सारखी दिसत असतील तर पोटावर वेगवेगळ्या रंगाच्या गंधाचं बोट वगैरे लावू नका, आई ते चाटते. कानाचा, शेपटीचा रंग बघून वहीत नोंद करा.

आमच्या वहीत त्या पिल्लाच्या रांगेत पहिले आकडे असे आहेत: ७१, ६८, ६९, ७४, ८३.

पहिल्या दिवसाचं दूध, म्हणजे चीक, पिल्लाच्या पोटात गेलाच पाहिजे. त्यातून आईची रोगाशी लढण्याची ताकद पिल्लाला मिळते, आणि ती शोषून घेण्याची आतड्यांची क्षमता जन्मानंतर दिवसभरातच संपते. म्हणून पहिल्या काही तासांत प्रत्येक पिल्लू आचळाला लागलंय की नाही, हे डोळ्यांनी पाहून घ्या.

वरचं दूध द्यायची वेळ आली तर

आई दगावली, तिला दूध नाही, किंवा एखादं पिल्लू मागेच पडत चाललंय, तेव्हाच वरचं दूध. गाईचं किंवा पिशवीचं दूध पाण्यात मिसळून देणं ही आपल्याकडची जुनी सवय आहे आणि ती पिल्लांच्या जिवावर बेतते. मांजरीच्या दुधात गाईच्या दुधापेक्षा दुपटीहून अधिक प्रथिनं असतात. त्यात पाणी घातलं की आधीच पातळ असलेलं आणखी पातळ होतं. पिल्लाचं पोट भरतं पण अंगी काही लागत नाही, वर जुलाब होतात. प्राण्यांच्या औषधांच्या दुकानात मांजराच्या पिल्लांची दूधपावडर मिळते, तीच आणा.

पाजताना पिल्लू पालथं, आईला पितं तसं, चार पायांवर. माणसाच्या बाळासारखं उताणं धरलं तर दूध फुप्फुसात जातं. थेंब मनगटावर टाकून पाहिला तर जेमतेम कोमट लागावा. पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. शंभर ग्रॅमच्या पिल्लाच्या पोटात एका वेळी चार-पाच मिलिलिटरच मावतं, त्याहून जास्त दाबू नका. सिरिंज वापरत असाल तर दट्ट्या अगदी सावकाश. दूध नाकातून आलं की तिथेच थांबा. आणि आई नसेल तर प्रत्येक पाजण्यानंतर कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने ढुंगण हळूहळू पुसत राहा, शू होईपर्यंत. हे विसरलं की पिल्लाचं पोट तुंबतं.

सात घरं

मांजर आपली पिल्लं सात घरं फिरवते, असं आपल्याकडे म्हणतात. सात हा आकडा सोडा, पण फिरवते हे खरं. जागा ओली झाली, पिसवा झाल्या, बोक्याची चाहूल लागली, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी सारखं डोकावलं, की ती पिल्लाची मान तोंडात धरते आणि निघते. मानेला धरताच पिल्लू अंग आखडून गप्प होतं, त्याला त्याने दुखत नाही. तिने जागा बदलली तर पिल्लं उचलून परत आणू नका, ती पुन्हा नेईल आणि या ओढाताणीत एखादं गारठेल. का हलवली ते शोधा. नवी जागा सुरक्षित असेल तर तीच राहू द्या. फ्रिजच्या मागे, वॉशिंग मशीनमध्ये, खाली उभ्या गाडीच्या इंजिनापाशी नेली असेल तर अर्थातच काढावी लागतील. मग आधीच्यापेक्षा अंधारी आणि शांत जागा तिला द्या. बोका घरात येता कामा नये. तो पिल्लं मारू शकतो.

'माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते' हे मात्र तितकंसं खरं नाही. आई ओळखीची असेल, हात स्वच्छ धुतलेले आणि अत्तराच्या वासाविना असतील, तर वजन करण्यापुरतं उचलणं तिला चालतं. शेजारपाजारची सगळी मुलं एका दुपारी बोलावणं चालत नाही. आई एखादं पिल्लू पुन्हा पुन्हा बाजूला सारत असेल तर बहुतेक ते गार किंवा आजारी असतं. तिच्यावर रागावू नका, पिल्लू डॉक्टरांना दाखवा.

फरशी फिनेलने पुसणं या काळात बंदच करा. फिनेलमधली द्रव्यं मांजराच्या यकृताला पचवता येत नाहीत. ती पंजे चाटते आणि ते थेट पोटात जातं. साबण आणि गरम पाणी पुरतं. पिसवांसाठी कुत्र्याची पावडर किंवा थेंब वापरू नका, त्यातलं पर्मेथ्रिन मांजराला मारतं. पिसवा जास्त असतील तर रक्त शोषून त्या एवढ्याशा पिल्लाचा जीव घेऊ शकतात, तेव्हा बारीक फणीने काढा आणि औषध डॉक्टरांकडूनच घ्या. तापासाठी आपली पॅरासिटामॉल अर्धीसुद्धा देऊ नका. ती मांजराला घातक आहे.

बाळंतिणीचं ताट

माझ्या सासूबाई ठमीसाठी तुपातला शिरा करायला निघाल्या होत्या, बाळंतीण म्हणून. माया खरी, पण मांजराला गोड चव कळतच नाही आणि शिऱ्यात तिच्या कामाचं फारसं काही नसतं. मांजर पूर्ण मांसाहारी आहे. दूधभातावर ती कशीबशी जगेल, चार पिल्लांना पाजू शकणार नाही. टॉरिन नावाचं एक द्रव्य तिला मांस-मासळीतूनच मिळतं आणि ते कमी पडलं तर तिची नजर आणि हृदय बिघडतं. शाकाहारी घर असेल तर मांजरांचं तयार खाणं आणा. सगळ्यात सोयीचं म्हणजे पिल्लांसाठीचं मिळतं तेच आईला द्या, त्यात प्रथिनं आणि कॅल्शियम जास्त असतं. सोबत उकडलेलं चिकन किंवा काटे काढलेली उकडलेली मासळी चालेल, पण मीठ-मसाला नको आणि कांदा-लसणाच्या रश्श्यातले तुकडे तर नकोच. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ती नेहमीच्या दुप्पट-तिप्पट खाते. खाऊ द्या. पाण्याचं भांडं खोक्याजवळ ठेवा, तिच्या शी-शूची मातीची पेटी थोडी लांब.

कॅल्शियमच्या गोळ्या स्वतःच्या मनाने देऊ नका, विशेषतः गाभणपणी. त्याने शरीराची हाडांतून कॅल्शियम काढायची सवय मोडते आणि ऐन दुधाच्या वेळी रक्तातलं कॅल्शियम कोसळतं. पिल्लं दोन-चार आठवड्यांची असताना आई अस्वस्थ झाली, धापा टाकायला लागली, अंग थरथरलं, पाय ताठ पडायला लागले, तर ती वाट बघण्याची वेळ नाही. तासाभरात डॉक्टर गाठा. इंजेक्शनने ती बरी होते.

आणखी दोन गोष्टी रोज बघायच्या. आचळं हाताला मऊ लागतात ना. एखादं गरम, कडक, लाल झालं असेल आणि हात लावताच ती फिस्कारत असेल तर त्यात पू होतो आहे. आणि मागून जाणारं पाणी. विटकरी-तपकिरी पाणी दोन-तीन आठवडे थोडं थोडं जाणं ठीक, घाण वास यायला लागला की दाखवा. बाळंतीण मांजर दिवसभर जेवली नाही, तर तेवढंच कारण दवाखाना गाठायला पुरेसं आहे.

मांजर चावली किंवा ओरबाडली तर, विशेषतः ती बाहेरून आलेली असेल तर, जखम साबणाने पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी जा. घरात गर्भवती असेल तर मातीची पेटी दुसऱ्या कुणीतरी रोजच्या रोज साफ करायची; मांजरीला घराबाहेर काढायचं कारण नाही.

डोळे उघडल्यावर

सात ते चौदा दिवसांत डोळे उघडतात, सगळ्यांचे निळे. खरा रंग पुढे दीड-दोन महिन्यांनी दिसतो. मिटलेल्या पापणीखाली फुगलं असेल, चिकट पू दिसत असेल तर ते ओढून उघडू नका, कोमट उकळलेल्या पाण्याच्या कापसाने पुसा आणि दाखवा.

तिसऱ्या आठवड्यात पिल्लं झोकांड्या खात चालतात आणि घर बदलून जातं. दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात पिल्लू ज्यांच्या सहवासात राहतं, त्यांना ते जन्मभर आपलं मानतं. म्हणून आता रोज थोडा वेळ मांडीवर घ्या, मिक्सरचा, कुकरच्या शिट्टीचा आवाज कानावर पडू द्या. चौथ्या आठवड्यापासून आईचंच खाणं कोमट पाण्यात कालवून बशीत ठेवा. पहिले दोन दिवस ती त्यात चालतात, मग चाटतात. माती उकरायला आपोआप लागतात. कडा बुटकी असलेला ट्रे आणि साधी रेती द्या. ओली होताच गोळे धरणारी माती नको, पिल्लं ती खातात.

जंत आईच्या दुधातूनच पिल्लांत येतात, म्हणून तिसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी जंताचं औषध, वजनाप्रमाणे, आईलाही. सहा-आठ आठवड्यांत पहिली लस, पुढे तीन-चार आठवड्यांच्या अंतराने १६ आठवड्यांपर्यंत, आणि रेबीजची साधारण १२ आठवड्यांना.

पाजणारी मांजर पुन्हा गाभण राहत नाही, हा समज काढून टाका. पिल्लं अंगावर असतानाच ती माजावर येऊ शकते. दूध आटल्यावर साधारण दोन आठवड्यांनी तिची नसबंदी करून घ्या, तोवर दारं-खिडक्या सांभाळा. मादी पिल्लंही चार महिन्यांपासून माजावर येऊ शकतात, त्यांची तारीख आत्ताच वहीत लिहा.

आठ आठवड्यांआधी पिल्लू कुणाला देऊ नका, बारा झाले तर आणखी बरं. आई आणि भावंडं त्याला चावायचं किती, नखं कधी आत घ्यायची, हे याच दिवसांत शिकवतात. देताना खोक्यातल्या साडीचा एक तुकडा, न धुतलेला, सोबत द्या. आमचं चौथं पिल्लू साडेनऊ आठवड्यांचं होऊन ८४० ग्रॅमचं गेलं. नव्या घरी पहिल्या रात्री ते पलंगाखाली जाऊन त्या तुकड्यावरच झोपलं, असं त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी फोन करून सांगितलं.